बंब आला, बंब आला!

कॅम्पातल्या आमच्या पिढीला 'बंब' म्हटले की दोन वस्तू आठवतात. एक न्हाणीघरातला तांब्याचा, पोटात जाळ घेऊन पाणी तापवणारा. दुसरा लाल रंगाचा, जाळावर धावून जाणारा. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला म्हणतात. कन्नडमध्ये 'अग्निशामक दळ' असे भारदस्त नाव आहे खरे, पण आमच्या शेजारच्या अक्का 'बंब बंत री!' असेच ओरडल्या होत्या.

ती आग मी शाळेत असतानाची. अक्कांच्या स्वयंपाकघरात स्टोव्हचा भडका उडाला. पितळी घंटा घणघणत बंब गल्लीत शिरला तो थेट दारापर्यंत. लाकडी शिडी लावून एकजण वर चढला, मंगळुरी कौले उचकटून त्याने वरून पाणी मारले. दुसऱ्याने आत जाऊन अक्कांचे शिलाई मशीन उचलून आणले. त्या मशीनवरच त्यांचा संसार चालायचा. आम्ही पोरे मात्र ती घंटा वाजवायला मिळते का, या विवंचनेत!

परवा 14 एप्रिलला नातवाला घेऊन बंबाचे प्रात्यक्षिक बघायला गेलो. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा! स्फोटात 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस आणि पुढचा आठवडा पाळतात. आता घंटेऐवजी सायरन, लाकडाऐवजी हलकी धातूची शिडी, पोटात हजारो लिटर पाणी, शिवाय पत्रा कापायची यंत्रे. कारण बोलावणे केवळ आगीचे नसते. हायवेवरचा अपघात, विहिरीत पडलेली म्हैस, 2019 च्या महापुरात वेढलेली घरे, सगळीकडे हीच माणसे.

आपल्या सीमेवरची एक गंमत सांगतो. कर्नाटकात हे दल राज्य सरकारचे, तर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी नगरपालिका-महापालिकेचे. पण निपाणीकडे उसाचा फड किंवा तंबाखूची वखार पेटली की बंब कुठल्या राज्याचा, हे कोण विचारतो? साखर कारखान्याचा आला तरी देवच पावला.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत पुन्हा आग लागली. शॉर्टसर्किट, तेही अक्कांच्याच घरात. नवा बंब लवकर आला, पण गल्लीच्या तोंडाशीच अडला. दोन्ही बाजूंना दुचाक्या आणि कोपऱ्यावर एक चारचाकी. ती माझी. किल्ली शोधून खाली येईपर्यंत जवानांनी पाइप जोडत जोडत आत नेला होता. 'काका, अगोदर गाडी काढा,' एवढेच तो पोरगा म्हणाला, तेही मराठीत. माणसे सगळी वाचली. पुढची खोली मात्र गेली, आणि त्या खोलीतले मशीनही.

अक्का आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा पाठवला. गाडी मी आता लांब मैदानाकडेला लावतो. पावसात भिजत चालत यावे लागते. कोपऱ्यावरच्या त्या जागी हल्ली दुसऱ्या कुणाची तरी गाडी असते.