सफारीवरची बक्षिशी

मसाई माराला जाऊन आल्यापासून घरातली आणि मंडळातली तरुण मुलं मला दोनच प्रश्न विचारतात. सिंह किती दिसले, आणि टिप किती द्यायची? पहिल्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या नशिबावर आहे. दुसऱ्याचं आपल्या हातात असतं, पण आपल्यातली बरीच कुटुंबं त्याचा विचार तिकिटं काढताना करत नाहीत. शेवटच्या रात्री तंबूतल्या पलंगावर नोटा पसरून करतात. तोवर पैसे संपत आलेले असतात, सुटे नसतात आणि घरात एकमत तर नसतंच.

आधी आकडे सांगून टाकते, कारण सगळ्यांना तेच हवे असतात. केनियातले कॅम्प आणि सफारी कंपन्या पाहुण्यांना जी माहिती देतात, तिच्यात साधारण असं असतं. गाडी चालवणाऱ्या गाइडला दर पाहुण्यामागे दिवसाला १० ते १५ डॉलर, कॅम्पमधल्या बाकी सगळ्यांना मिळून दर पाहुण्यामागे दिवसाला ५ ते १० डॉलर, आणि बॅग उचलणाऱ्याला बॅगेमागे एखादा डॉलर. महागड्या कॅम्पात आकडे वर जातात, साध्या ग्रुप सफारीत खाली येतात. चौघांचं कुटुंब पाच दिवस राहिलं आणि सगळीकडे खालचाच आकडा धरला, तरी गाइडचे २०० आणि कॅम्पचे १०० असे ३०० डॉलर होतात. म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर. हे ऐकल्यावर चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय. वडोदऱ्याहून अहमदाबादच्या विमानतळापर्यंत गाडी केली तर ड्रायव्हरला आपण चहापाण्याचे शंभर-दोनशे देतो, तेही त्याने बॅगा नीट ठेवल्या तर!

आम्ही चौदा जण होतो, दोन गाड्यांत. ऑगस्टचा महिना, टांझानियातून विल्डबीस्टचे कळप माराच्या गवतावर आलेले. आमचे चुलत सासरे आयुष्यभर बँकेत होते, त्यामुळे हिशेबाची वही त्यांच्याकडे. टिपचा विषय निघाल्यावर त्यांनी पहिल्याच रात्री जाहीर केलं, "सगळं पॅकेजमध्ये आलंय म्हणून तर एवढे भरले. पगार द्यायचा तो त्यांच्या मालकाने. आपण का द्यायचा?"

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. टिप म्हणजे मालकाने आपल्या खर्चाचा एक भाग गुपचूप पाहुण्याच्या खांद्यावर टाकणं, हे खरंच आहे. मलाही ती पद्धत आवडत नाही. गाइडला महिन्याकाठी पुरेसा पगार मिळाला आणि तो पॅकेजच्या किमतीत उघडपणे दिसला, तर सगळ्यांचीच सोय होईल. पण आपण टिप न दिल्याने मालकाचं काही बिघडत नाही. त्याला त्याचे पैसे सहा महिन्यांपूर्वीच पोचलेले असतात. बिघडतं ते गाडीच्या चाकामागे बसलेल्या माणसाचं. यातले बरेच जण कंपनीचे कायम नोकर नसतात. जितके दिवस सहल, तितक्या दिवसांचे पैसे. एप्रिल-मेच्या पावसात पाहुणे कमी, म्हणजे सहलीही कमी. २०२० साली तर सगळंच थांबलं होतं. दिवसाचा तो दर ठरतानाच टिप मिळणार हे गृहीत धरलेलं असतं. म्हणजे आपण जी किंमत 'स्वस्त पडली' म्हणून खूश होऊन भरली, तिच्यातून हा तुकडा आधीच काढून बाजूला ठेवलेला होता.

आणि काम काय असतं ते सांगते. नैरोबीहून मारापर्यंत पाच-सहा तास गाडी चालवणं, तेही शेवटी कच्च्या रस्त्याने. रोज पहाटे आपल्याआधी उठून गाडी तयार ठेवणं, कारण सहा-साडेसहाला पहिली फेरी. संध्याकाळी आपण शेकोटीपाशी बसतो तेव्हा तो गाडी धूत असतो. मधल्या वेळात तो नुसता चालक नसतो. आमच्या गाइडच्या शर्टावर 'ब्राँझ'चा बिल्ला होता. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनच्या परीक्षा असतात. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा चढत्या पायऱ्यांच्या. तो आता सिल्व्हरचा अभ्यास करत होता. पक्ष्यांची नावं, झाडं, प्राण्यांच्या सवयी, सगळं. दुपारी आम्ही आडवे व्हायचो तेव्हा तो गाडीत बसून पुस्तक वाचायचा.

त्याच्याशी आमचं जमलं ते भाषेमुळे. चुलत सासऱ्यांना तो 'म्झे' म्हणायचा, म्हणजे स्वाहिलीत वडीलधारा माणूस. सासूबाईंना 'मामा' म्हणायचा, म्हणजे आई. पहिल्या दिवशी त्या इकडेतिकडे बघायला लागल्या की कुणाचा मामा आला! आम्ही त्याला आपल्या वडोदऱ्याच्या सवयीने 'भाई' म्हणायचो, आणि ते त्याला भारतीय पाहुण्यांमुळे ठाऊकच होतं. गाडीला तिकडे 'गारी' म्हणतात, चहाला 'चाय', चपातीला 'चपाती'. पैशाला 'पेसा', तो आपलाच पैसा. फोनवरून पैसे पाठवायची तिथली जी एम-पेसा सेवा २००७ पासून चालू आहे, तिच्या नावातही तोच बसलाय. त्या भागात १९२०पर्यंत चलनसुद्धा रुपयाचंच होतं. आणि टिपला स्वाहिली शब्द आहे 'बक्षीशी'. फारसीतला एकच शब्द तिकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. आपण मात्र बक्षीस म्हटलं की स्पर्धेतला कप किंवा घराचं बक्षीसपत्र आठवतो, आणि 'बक्षिशी' म्हणताना आवाजात थोडा वरचढपणा येतो. म्हणून मला त्यापेक्षा आपला 'पोस्त' हा शब्द या बाबतीत जवळचा वाटतो. दिवाळीची पोस्त आपण मर्जी झाली म्हणून देत नाही. ती द्यायची असतेच, पाकिटात घालून, हातात. सफारीचं पाकीट त्या जातीचं आहे असं मी चुलत सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पोस्त वर्षभर काम करणाऱ्याला देतात." तरी वहीत त्यांनी एक नवं पान उघडलं.

खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी आला. दोन पिल्लांसह एक चित्ता मादी रस्त्यापासून बरीच आत, गवतात बसली होती. मारा रिझर्व्हमध्ये ठरलेला रस्ता सोडून गाडी आत घालायला मनाई आहे, आणि एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या थांबाव्यात असा नियम आहे. तिथे आमच्या आधीच चार-पाच होत्या, दोन सरळ गवतात घुसलेल्या. आमच्या गाडीतल्या एका नातेवाइकाने वीस डॉलरची नोट पुढे केली. "भाई, थोडं आत. दोन मिनिटं." त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही, आपल्याकडे देवळाच्या रांगेतही हे चालतं. गाइडने नोट घेतली नाही. इंजिन बंद केलं आणि म्हणाला, ती रस्त्याकडे आली तर आपलं नशीब, थांबू या. अर्धा तास थांबलो. ती दुसरीकडे निघून गेली. गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

रेंजरने पकडलं तर दंड असतो, गाइडला रिझर्व्हमध्ये यायला बंदीही होऊ शकते, हे त्याने नंतर विचारल्यावर सांगितलं. पण मला जास्त लागलं ते घरी आल्यावर वाचलेलं. माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात एका वेतामागे सरासरी ०.२ पिल्लं जगून मोठी झाली, आणि तुरळक पर्यटक असलेल्या भागात २.३. दहा पटींहून जास्त फरक. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो. भोवती गाड्यांचा गराडा पडला की शिकार फसते, पिल्लं उपाशी राहतात किंवा आईपासून तुटतात. म्हणजे फेरी चालू असताना पुढे केलेली नोट ही टिप नसतेच. ती कशाची किंमत असते ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे: फेरी चालू असताना एक पैसा काढायचा नाही. कौतुक वाटलं तरी नाही, अगदी बिबट्या दिसला तरी नाही. 'जवळ घेऊन गेलास तर वाढवून देऊ' असं गमतीतही म्हणायचं नाही, कारण त्याच्या घरी ती गंमत नसते.

शेवटच्या रात्री हाच चित्ता पाकिटात शिरला. "दुसऱ्या गाड्या गेल्या, हा नेईना. मग पूर्ण का द्यायचे?" असं दोघा-तिघांनी म्हटलं. मी म्हटलं, नेलं नाही म्हणूनच पूर्ण द्यायचे. यावर तासभर वाद झाला, थोडा कडवटही. माझा भाचा माझ्या बाजूने होता, त्याची आई विरुद्ध. अखेरीस चुलत सासऱ्यांनी वही उघडली. माणशी दिवसाला दहाप्रमाणे हिशेब केला, आमच्या गाडीतल्या सातही जणांकडून पैसे घेतले आणि पाकिटावर गाइडचं नाव स्वतः लिहिलं. तत्त्व पटलं असं ते आजही म्हणत नाहीत. दुसऱ्या गाडीचा निर्णय त्या गाडीने घेतला, आणि त्यांनी आमच्या निम्मे दिले. त्यांच्या गाइडने पाकीट न उघडता खिशात ठेवलं आणि हसतमुखाने बॅगा उतरवल्या. दोघेही एकाच कंपनीचे; परतीच्या वाटेवर चहाला थांबले असतील तेव्हा एकमेकांना विचारलंच असेल. म्हणून एकत्र जाणाऱ्यांनी आकडा निघण्यापूर्वी ठरवावा, घरच्या जेवणाच्या टेबलावर, आणि दोन्ही गाड्यांचा एकच.

गाइडचं पाकीट त्याच्याच हातात द्यायचं, निरोप घेताना. रस्त्याने सगळी सहल एकच गाइड असेल तर शेवटच्या दिवशी. छोट्या विमानाने कॅम्प ते कॅम्प जाणार असाल तर प्रत्येक कॅम्पचा गाइड वेगळा असतो, तेव्हा कॅम्प सोडताना.

बाकीच्यांसाठी रिसेप्शनवर एक लाकडी पेटी असते. तिच्यात टाकलेले पैसे सगळ्यांत वाटले जातात. जेवण वाढणारा मुलगा रोज भेटतो, गोड बोलतो, म्हणून आपला हात त्याच्याकडे जातो. पण रात्री टॉर्च घेऊन तंबूपर्यंत सोडणारा अस्कारी, म्हणजे पहारेकरी, पहाटे गरम पाणी आणणारा, कपडे धुणारा, भांडी घासणारा हे कुणाला दिसतात? अंधारात नदीकाठचे पाणघोडे कॅम्पात चरायला येतात. तेव्हा तो अस्कारी बरोबर असतो म्हणून आपण तंबूत सुखरूप पोचतो. म्हणून पेटीच बरी. अपवाद मी एकच केला. श्रावणातली एकादशी होती आणि सासूबाईंना उपास. आचाऱ्याने काय चालतं, काय नाही हे दोनदा विचारून घेतलं आणि रताळी उकडून, शेंगदाणे भाजून, वेगळ्या ताटात झाकून आणून दिलं. त्याला सासूबाईंनी वेगळं पाकीट दिलं, स्वतः स्वयंपाकघराच्या दारात जाऊन. आपल्या ग्रुपात कांदा-लसूण नको, जैन हवं, उपासाचं हवं असं असतंच. ते वरचं काम आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

मसाई वस्ती बघायला माणशी प्रवेशाचे पैसे असतात. ती टिप नव्हे. आणि रस्त्यावरच्या मुलांना गाडीतून चॉकलेटं, पेनं वाटायची नाहीत. हौस असेल तर गाइडला विचारून शाळेत द्या, शिक्षकांच्या हातात. शाळेच्या वेळात पोरं रस्त्याकडेला उभी का राहतात, त्याला ती चॉकलेटंच कारण आहेत.

आता नोटांचं. इथला परकीय चलन देणारा शंभराच्या नोटा पुढे करतो. हट्टाने १, ५, १० आणि २०च्या मागून घ्या. नोट फाटलेली, शाई लागलेली नको, आणि नोटेवर छापलेलं मालिकेचं साल बघा. २००९च्या आधीच्या नोटा तिकडे बरेच जण घेत नाहीत. डॉलरची नाणी मुळीच देऊ नका, ती तिथे बदलून मिळत नाहीत. केनियाची शिलिंगंही चालतात, उलट गाइडला ती सोयीची, बँकेत खेटा नको. डॉलरला साधारण १३० शिलिंगं धरा. पाकिटं इथूनच न्या, साधी पांढरी. आपली शगुनाची, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं भाच्याने नेली होती. गाइडने ते नाणं उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, याचं काय घ्यायचं? चुलत सासरे म्हणाले, "काही नाही, ठेव." त्याने ते गाडीच्या डॅशबोर्डवर, घड्याळाशेजारी चिकटवून टाकलं.