वाघाविना सेमाडोह

‘चित्रण बरे आहे, पण यात मेळघाट कुठे आहे?’ हा प्रश्न ज्या परीक्षकांनी मला भरल्या सभागृहात विचारला, त्यांच्याविषयी माझ्या मनात व्यक्तिगत आकस नाही, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला बजावीत आलो. परंतु तो प्रश्न आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो, हे खरे.

अमरावतीस वृत्तविद्येच्या अभ्यासक्रमात शेवटच्या सत्रासाठी एक छोटा अनुबोधपट करावा लागे. परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सिपना नदीच्या काठचे सेमाडोह हे मेळघाटातले कोरकू वस्तीचे गाव मला एस.टी.च्या खिडकीतून लहानपणापासून परिचित होते, म्हणून तेच निवडले. अर्ज, परवाना, वनखात्याच्या दप्तरातील सह्याशिक्के हे सोपस्कार यथाकाल पार पडले. त्यांच्या वर्णनात हशील नाही.

मोहाची फुले पहाटे गळतात. जिची वेचणी चित्रित करावयाची, ती वृद्धा उजाडण्यापूर्वीच टोपली घेऊन झाडाखाली हजर असे, आणि त्या अवेळच्या प्रकाशात माझी वर्गातली विद्या पार लंगडी पडे. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित योजनेवर भिस्त ठेवावी, तर पहाटेचा निळसरपणा दोष समजून ती पुसून टाकी; आयएसओ वाढवावा, तर चित्रभर दाणे उमटत. हळूहळू उमगत गेले की व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून कायम ठेवावा, अंधाराला अंधारच राहू द्यावे, तिपाई वेचणाऱ्या बाईच्या बसत्या डोळ्यांच्या उंचीवर आणावी, आणि माइक माणसाच्या तोंडाशी न धरता जमिनीलगत ठेवावा. पुष्कळ ठिकाणी फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, आणि त्यातूनच रानात वणवे पसरतात. ही बाई मात्र खराट्याने जमीन लोटून घेई. त्यामुळे लोटलेल्या जमिनीवर पडणाऱ्या फुलाचा आवाज निराळा आणि कडेच्या पाचोळ्यावर पडणाऱ्याचा निराळा, हे मला हेडफोन लावून बसल्यावरच कळले. हा ध्वनिभेद ऐकू यावा, एवढ्याचसाठी मी ते दृश्य न कापता दीर्घकाळ चालू ठेवले होते.

नेमके तेच दृश्य परीक्षकांना खुपले. त्यांच्या मते त्यात ‘काही घडत नव्हते’. वाघ कुठे आहे, असे त्यांनी विचारले. मेळघाटात व्याघ्रप्रकल्प 1974 पासून आहे, हे मला ठाऊक नसावे, अशा स्वरात विचारले. मग कुपोषण कुठे आहे, असे विचारले. 1993 साली येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी देश हादरला, हे सत्य आहे आणि तो विषय आजही कोणी टाकाऊ मानू नये. परंतु ज्या घरात मी चित्रण केले, तेथील, त्या वृद्धेच्या धडधाकट नातवाला मी काय उपाशी म्हणून उभे करावयाचे होते? तिसरा आक्षेप भाषेचा. आजीचे बोलणे मी कोरकूतच ठेवून खाली मराठी अक्षरे दिली होती. मुंडा कुळातील ही भाषा त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची, मराठी-हिंदीच्या गराड्यात टिकलेली. तिचा नाद झाकून वर एका भारदस्त पुरुषी आवाजाचे निवेदन चढवावे, अशी त्यांची सूचना होती. आणि विशेष असे की, हेच गृहस्थ दादासाहेब फाळके यांच्यावर फार रंगून व्याख्यान देत! ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा मांडून एकेका चित्राने त्याची वाढ टिपली, तेव्हा तरी तेथे काय घडत होते? कोंब येत होता. तेवढे त्यांना पुरे वाटले.

पुढे तो अनुबोधपट मी सेमाडोहला नेऊन त्या घराच्या ओसरीत लॅपटॉपवर दाखवला. आता न्याय मिळणार, अशी माझी खात्री होती. आजीने शेजारणींना का घेतले नाही, अशी रास्त तक्रार केली, होळीचा नाच असता तर बरे झाले असते असेही सुचवले; आणि नातू, माझ्या त्या लाडक्या दीर्घ दृश्याच्या मध्यावरच, म्हणाला, ‘ह्यात वाघ कुठं हाय?’

मी मनमुराद हसलो. तोच प्रश्न सभागृहात विचारला गेला तेव्हा मला हसू का आले नाही? परीक्षकही साधे प्रेक्षकच होते, कंटाळण्याचा हक्क त्यांनाही होता, असा विचार करून मी त्यांना मनोमन क्षमा करण्याचा प्रयत्न केला, आणि संकलनात ते दृश्य थोडे आखूड करून पाहिले, तो ते अधिक चांगले वाटले, हेही सांगून टाकतो. तथापि मुलाला वाघ गंमत म्हणून हवा होता. परीक्षकांना तो दाखल्यासारखा हवा होता, ज्यावाचून सेमाडोहच्या माणसांना चित्रपटात प्रवेश नाही. निवेदन मात्र मी आजतागायत चढवलेले नाही. नव्याने कॅमेरा हाती घेणाऱ्यांनी यंत्राची स्वयंचलित कळ प्रथम बंद करावी, आणि परीक्षकांच्या सूचनांपैकी लांबीविषयीच्या तेवढ्या ऐकाव्यात.

मला मिळालेले गुण कमी होते, आणि ते अन्यायाने दिलेले होते, या मतात अद्याप फरक पडलेला नाही.