मूठभर तांदूळ

चंफाईच्या पोस्टिंगबद्दल लिहा, असं एक जुने साथीदार बरेच दिवस मागे लागलेत. धुकं, थंडी, डोंगरांमधलं ते भातशेतीचं सपाट खोरं, सगळं लिहिता येईल. पण मला पहिल्यांदा आठवतो तो तांदूळ.

2021 चा पावसाळा. फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि तिआउ नदीपलीकडची चिन माणसं बायकापोरांसह मिझोराममध्ये यायला लागली. पुढच्या वर्षापर्यंत आकडा 30,000 च्या वर गेला. भाषा जवळची, धर्म एक, नातीगोती दोन्ही काठांवर. आमचं काम नाक्यावर गाड्या तपासायचं. हत्यारं, दारूगोळा, अमली पदार्थ, काहीही निघायचं.

एके दिवशी एक पिकअप आली. मागे तांदळाची पोती, जुने कपडे, पातेली. गावातल्या चर्चकडून छावणीला चाललेली. पोत्यात सळई खुपसून बघायची, हा नियम. एका पोत्याची शिवण उसवली आणि तांदूळ चिखलात सांडला. गाडीसोबतची एक म्हातारी काही न बोलता खाली बसली आणि वरचे वरचे दाणे ओंजळीत भरू लागली. मीही बसलो. दाणे हातात घेतल्यावर लक्षात आलं, हा एका घरचा तांदूळ नाही. जाडा, बारीक, लालसर, रेशनचा, सगळा एकत्र.

असला मिसळीचा दाणा मी ऐकून ओळखत होतो. आमचे आण्णा साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात शिकले. गावोगावच्या बायका दळायला बसल्या की मूठभर धान्य बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढायच्या. त्याला मुष्टिफंड म्हणत. आण्णा सांगायचे, आमच्या भाकरीत ज्वारी किती अन् बाजरी किती, हे कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं. लहानपणी एकदा मी म्हणालो होतो, "म्हणजे तुम्ही भीक मागून शिकलात?" त्या दिवशी बसलेली थोबाडीत अजून आठवते. का मारलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

म्हातारीचं घर नाक्याच्या खालच्या अंगाला होतं. आठवड्याभरानं ड्युटी संपल्यावर गेलो. खरं तर माफी मागायची होती, पण ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. तिचा नातू हिंदी बोलायचा, त्याच्यामार्फत गप्पा. काळा चहा झाला. मग ती चुलीकडे वळली, तांदूळ मापून घेतला आणि धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकली. मी बघतच राहिलो.

ह्याला ते बुहफाई थाम म्हणतात, मूठभर तांदूळ. 1910 पासून मिझो बायका हे करत आल्यात. दर स्वयंपाकाला एक मूठ. ठरल्या दिवशी चर्चच्या बायका येऊन तो गोळा करतात, विकतात आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. त्यातलं मोठं काम धर्मप्रसाराचं, हेही सांगायला हवं. आमच्यातल्या काहींना ते खटकायचं, मलाही थोडं. पण नाक्यावर सांडलेला तांदूळ त्या हिशेबातला नव्हता. तो नदीपलीकडून आलेल्यांसाठी घरोघर फिरून वेगळा जमवलेला. हात मात्र तेच, शंभर वर्षांची सवय झालेले.

निघताना पोरगा दारापर्यंत आला. म्हणाला, आजी लहान असताना, 1966 नंतरच्या त्या वर्षांत, फौजेनं तिचं गाव उठवलं होतं. घर जळालं, घरातलं भातही. म्हणजे गणवेशातल्या माणसांनी तिचा तांदूळ वाया घालवायची ही काही पहिली वेळ नव्हती. तरी तिनं मला चहा दिला.

मग मी जात राहिलो. घराच्या खालच्या खोलीत चिन बाई दोन लेकरं घेऊन राहत होती. एकदा बघितलं, तिच्याकडेही दूधपावडरीचा रिकामा डबा, आणि त्यातही मूठ पडत होती. मला राहवलं नाही. म्हणालो, हिला लोकांनीच दिलेला तांदूळ, तोही पुरेसा नाही, त्यातला परत कशाला घेता? पोरानं विचारलं. म्हातारी हसली आणि एवढंच म्हणाली, "नाही घेतला, तर ती जेवेल कशी?"

त्या रात्री रेंज मिळाली तसा घरी फोन लावला. आण्णांना कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "तुझी आजीपण काढायची की मूठ. मी बोर्डिंगात होतो तेव्हा. घरात दाणा नसायचा, तरी काढायची."

पुढच्या वर्षी मी निवृत्त होऊन गावी आलो. हे सगळं ऐकून सौभाग्यवतींनी तांदळाच्या कोठीशेजारी एक डबा ठेवलाय. दोनदा भरला. एकदा ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाळंतिणीला दिला, तर ती घेईना. म्हणाली, काम सांगा काहीतरी, मग घेते. सध्या डबा पुन्हा गळ्यापर्यंत आलाय आणि तो कुणाकडे न्यायचा यावर आमच्या घरात रोज चर्चा चालू आहे.