चूक कुणाच्या नावावर?

आम्ही कारकून माणूस. वस्तीच्या वाचनालयाच्या हिशेबात चूक आमची झाली, ढकलली मात्र खजिनदार पोरावर. पोरगा पुन्हा फिरकला नाही.

मग इंजिनिअर अब्दुल कलामांची हकिगत वाचनात आली. रामेश्वरमच्या होडीवाल्याचे हे चिरंजीव एसएलव्ही-३ रॉकेटचे प्रकल्प संचालक होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेले रॉकेट समुद्रात कोसळले. उड्डाणाचा निर्णय कलामांचा. पण पत्रकारांपुढे इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले, अपयश त्यांनी अंगावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा मात्र धवनांनी कलामांना पुढे केले.

आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर चूक कबूल केली. कपाटाच्या किल्ल्या आता पुन्हा त्याच्याकडे आहेत.