शून्य निकाल

अब्बा निवृत्त शिक्षक. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. मागच्या पावसाळ्यात त्यांना शेख महंमद पुन्हा वाचावेसे वाटले. श्रीगोंद्याच्या या संतकवीचा ‘योगसंग्राम’ त्यांनी तरुणपणी ग्रंथालयातूनच आणून वाचला होता. या वेळी मात्र रिकाम्या हातांनी परत आले. “पुस्तक नाही तिथं,” एवढंच म्हणाले.

मला पटेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत गेलो. कार्डांचे खण गेलेत, ग्रंथसूची आता संगणकावर आहे. पांढऱ्या पानावर फिकट राखाडी, बारीक अक्षरं. कुठे टाइप करायचं, तेच अब्बांना दिसत नव्हतं. त्यांनी सांगितलं तसं मी ‘शेख मोहम्मद’ लिहिलं. उत्तर आलं, ‘शून्य निकाल’. ‘मुहम्मद’ लिहिलं, पुन्हा शून्य. ‘महंमद’ लिहिलं आणि पुस्तक पडद्यावर हजर! कपाटातही होतं.

आपल्या नावांचं हे नेहमीचंच. माणसाला ही तिन्ही नावं एकच वाटतात. संगणकाला ते शिकवावं लागतं. जुन्या सूचीत ग्रंथपाल ‘मोहम्मद : महंमद पाहा’ अशी जोडकार्डं लावून ठेवत. नवं पान बनवताना ती कुणाला आठवली नाहीत.

यात अवघड काही नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५:१ इतका फरक हवा, असं वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. नावांची वेगवेगळी रूपं एकमेकांना जोडणं तर ग्रंथालयशास्त्रात जुनंच आहे. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे रंगनाथन यांचं सूत्र १९३१ सालचं. इथे तर वेळच नाही, वाचकच गमावला जात होता.

परतताना अब्बा म्हणाले, “मला वाटलं, आपला शेख महंमद आता कुणाला नको झाला, म्हणून काढून टाकला.”

मी गप्प झालो. पान बनवणाऱ्याच्या मनात तसं काही नसणार. त्यानं फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या सवयीनं नाव लिहिलं. पण अब्बांच्या मनात एका रात्रीत काय येऊन गेलं!

ग्रंथपालांना मी अर्ज दिलाय : अक्षरं गडद करा, नावं जोडा, आणि ‘शून्य निकाल’च्या खाली एक ओळ घाला, ‘कृपया काउंटरवर विचारा’.