दोन मासे कमी

शीर्षक वाचून हा लेख मेसमधल्या फिश करीवर आहे असं वाटलं असेल, तर सॉरी! माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे माझाही आधी असाच घोटाळा झाला होता.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. मी मेकॅनिकलला आहे याचा आमच्या आजोबांना भारी अभिमान. वय पंच्याऐंशी, पण डोकं एकदम तल्लख. तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. त्यांच्या थोरल्या भावाकडे लायसनची थर्टी-ओ-सिक्स रायफल होती. फराळ करता करता त्यांनी माझी ओरलच घेतली.

"रायफल एकच, गोळ्या दोन. एक १५० ग्रेनची, वेग सेकंदाला २९०० फूट. दुसरी १८० ग्रेनची, वेग २७०० फूट. कुठली घेशील?"

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. १५० ग्रेन म्हणजे ९.७२ ग्रॅम, १८० म्हणजे ११.६६. हाफ एम व्ही स्क्वेअर केलं. एकीची ऊर्जा साधारण ३८०० ज्यूल, दुसरीची ३९५०. फरक फक्त चार टक्के!

"ऑलमोस्ट सेम आहे, आजोबा. मी हलकी घेईन. वेग जास्त, म्हणजे लांबवर ती कमी खाली येईल. धक्काही कमी बसेल."

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "१९७१ साली मीही हाच हिशेब केला होता. दोन मासे कमी पडले."

मी विचारलं, "कुठले मासे? तुम्ही तर जंगलात गेला होतात ना?"

आजी हसत हसत आत गेली आणि डब्यातून एक राणीछाप रुपया घेऊन आली. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "हा बरोबर एक तोळा. जुना तोळा हं, आताचा सराफाचा दहा ग्रॅमचा नाही. बारा माशांचा एक तोळा." तेव्हा कळलं की मासा हे सोनाराचं वजन आहे. एक मासा म्हणजे १५ ग्रेन. म्हणजे १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळा आणि १५० ची दहा मासे. हातात ते वजन काहीच वाटत नव्हतं.

मग आजोबांनी सांगितलं. चंद्रपूरकडच्या जंगलात ते परवाना काढून चितळासाठी बसले होते. चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोचा, त्याला १५० ची गोळी पुरते. म्हणून तीच भरलेली. संध्याकाळी चितळ आलंच नाही, आलं सांबर. दोनशे किलोंच्या वरचं जनावर. जवळच उभं होतं. आजोबांनी खांद्यावर नेम धरला आणि गोळी सोडली. सांबर गुडघ्यावर आलं, उठलं आणि पळालं.

रक्ताचा माग काढत ते दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी मागही संपला. सांबर सापडलं नाही.

"ऊर्जा सेम होती, मग असं का झालं?" मी विचारलं.

शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं असतं, आत शिरताना ते पसरतं. हलकी, वेगवान गोळी जवळून जाड हाडावर बसली की तिचे तुकडे होऊ शकतात. मग आत जायला वजनच उरत नाही. जाडी तीच ठेवून वजन वाढवलं की गोळी लांब होते. तेवढ्याच तोंडामागे जास्त वजन, म्हणून ती खोल जाते. आपण याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतो, आजोबा "रेटा" म्हणतात. पण म्हणून जडच गोळी चांगली असंही नाही. लहान जनावरात ती नीट न पसरताच आरपार जाऊ शकते. कुठली योग्य ते जनावरावरून ठरतं.

"मग १८० ची भरून जायचं होतं ना!" मी म्हटलं.

"अगं, गोळी बरोबरच होती. चितळासाठी. सांबर समोर आलं तेव्हा रायफल खाली ठेवायला हवी होती. ते मला जमलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "लोकांना वाटतं १९७२ चा कायदा आला म्हणून मी शिकार सोडली. मी त्याच्या आदल्याच वर्षी सोडली होती."

त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा तसाच गार झाला.

डिझाइनच्या पेपरात आपण सगळे पहिल्या ओळीत 'अझम्प्शन्स' लिहितो आणि पुढे विसरून जातो. मीही तेच करायचे. एका लोडसाठी काढलेला शाफ्ट दुसऱ्या लोडला "चालून जाईल" म्हणायचे. या सेमला मात्र ती ओळ लिहिताना पेन जरा थांबतो. आजोबांचं ते सांबर आठवतं.

राणीछाप रुपया आजीने परत घेतला. म्हणाली, इंजिनियर झालीस की देईन.