चतुर्थीची भेट

आमच्या सिंधुदुर्गात दिवाळीपेक्षा चतुर्थी मोठी. आम्हां चाकरमान्यांच्या बॅगेत आईसाठी दरवर्षी काहीतरी असतंच. साडी झाली, मिक्सर झाला. गेल्या वर्षी फोनवर विचारलं, यंदा काय आणू? म्हणाली, "काय नको रे. दोन दिवस आदी ये. माटवी बांधूक आता बाबांचो हात पोचणा नाय."

रजा वाढवली. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, तेरडा बांधला. रात्री आईसोबत नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, कातण्याने कापल्या. तळताना फुटलेल्या अर्थातच माझ्या! भाचीला सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं दिली, तीही खूश.

आईने मात्र बॅग उघडूनसुद्धा पाहिली नाही. तेव्हा रजेचा अर्ज आजच टाका :)